रेकॉर्डवरचं नाव

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

भोर-वेल्ह्याकडच्या आपल्या सगळ्या बचत गटांच्या बायांना, चुलीपाशी, गोठ्यात, बांधावर, जिथे असाल तिथे माझा रामराम.

आज मी परसबागेबद्दल बोलणार नाही, की कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलणार आहे एका जुन्या ट्रंकेबद्दल. तुम्ही म्हणाल, हिच्या घरच्या ट्रंकेचं आम्हाला काय? पण जरा कान द्या. ही गोष्ट फिरून आपल्या गटाच्या वहीपर्यंत येणार आहे.

गेल्या दिवाळीआधी घर झाडायला काढलं. पोटमाळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. माझे चुलत सासरे मुंबईला गिरणीत होते. 1982 साली गिरण्यांचा संप झाला, त्यात त्यांचं काम गेलं, आणि ते गावी आले ते ही ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. ट्रंक उघडली तर आत चावीचा मोडका फोनो आणि तेवीस रेकॉर्डी. काळ्या, जड, वर धूळ आणि उंदराच्या लेंड्या.

नेमका त्याच दिवशी भंगारवाला आला. मी ट्रंक अंगणात ठेवली. त्याने एक रेकॉर्ड हातात घेतली, वाजवून पाहिली, आणि म्हणाला, "ताई, हे लोखंड नाही, प्लास्टिक पण नाही. ह्याचं काय देऊ? ट्रंकेचे देतो." मी हो म्हणणार, एवढ्यात सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही."

मी विचारलं, काय आहे त्यात एवढं? तर त्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचं लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा गणपतीला मुंबईहून भाऊजी यायचे, फोनो घेऊन. ओसरीवर पुरुष माणसं बसायची, मधे फोनो. बायांनी तिथे बसायचं नाही. "आम्ही आत भाकऱ्या थापत ऐकायचो," सासूबाई म्हणाल्या. "थापता थापता हात थांबायचा. ही बाई कोण गं गाते, असं आम्ही एकमेकींना विचारायचो. कुणाला माहीत नसायचं. ओसरीवर जाऊन विचारायची सोय नव्हती."

मग मी आणि माझ्या लेकीने एकेक रेकॉर्ड फडक्याने पुसून पाहिली. रेकॉर्डीच्या मधे गोल कागद चिकटवलेला असतो, त्याला लेबल म्हणतात. त्यावर गाण्याचं, सिनेमाचं, गाणाराचं नाव इंग्रजीत. एका रेकॉर्डीवर लेकीने वाचलं, सिनेमा 'महल', गाणं 'आएगा आनेवाला', आणि गाणारी, कामिनी.

सासूबाई म्हणाल्या, "कामिनी कसली? हा लताबाईंचा आवाज. एवढं मला कळतं."

सासूबाईंचं खरं होतं. आणि लेबलावरही तसंच छापलेलं होतं. हे कसं काय झालं, ते आज सांगते.

आधी रेकॉर्ड म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या पोरींनी ती पाहिलेलीही नाही. ट्रंकेतल्या त्या जड रेकॉर्डी लाखेच्या असतात. हो, आपल्या बांगड्यांची असते तीच लाख. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर किडे ती तयार करतात. त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी घालून, तापवून, साच्यात दाबून रेकॉर्ड काढायची. ती मिनिटाला 78 वेळा फिरते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. पडली तर कौलासारखी फुटते. नंतर साठच्या दशकात विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या हलक्या रेकॉर्डी आपल्याकडे घरोघर यायला लागल्या. मोठी ती एलपी, बारा इंचांची, मिनिटाला 33 फेऱ्या आणि वर थोडी. छोटी सात इंचांची, तिच्या 45 फेऱ्या. मग कॅसेटी आल्या, त्यानंतर सीडी, आता फोन.

आता लताबाईंची गोष्ट. आपण त्यांना गानकोकिळा म्हणून ओळखतो, भारतरत्न म्हणून ओळखतो. पण सुरुवात कशी होती? त्यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर, मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, नाटक कंपनीचे मालक आणि नावाजलेले गायक. कंपनी बुडाली, घर कर्जात आलं. 24 एप्रिल 1942 ला पुण्यात दीनानाथ वारले. लता पाच भावंडांत थोरली, वय बारा पुरं, तेरावं चालू. घरात कमावतं कुणी नाही. मग ती पोर मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत कामाला लागली. तोंडाला रंग लावणं तिला मुळीच आवडायचं नाही, पण चूल पेटायला हवी होती. आपल्यातल्या किती जणींना हे वेगळं सांगायला नको.

त्याच 1942 साली तिने सिनेमासाठी पहिलं गाणं म्हटलं, मराठीत, 'किती हसाल' या चित्रपटासाठी. आणि ते गाणं सिनेमातून काढून टाकलं गेलं. ज्या बाईने पुढे इतकी हजारो गाणी गायली, तिचं पहिलं गाणं कुणाच्या कानावर पडलंच नाही. जुन्या रेकॉर्डी जमवणारी माणसं असतात, नामवंत गायकाची अगदी पहिली रेकॉर्ड आपल्याकडे असावी म्हणून ती गावोगाव हिंडतात. पण लताबाईंच्या या पहिल्या गाण्यासाठी कितीही पैसा मोजला तरी काही हाती लागायचं नाही.

पुढची काही वर्षं मराठी सिनेमात लहानसहान कामं आणि गाणी. 1945 मध्ये कुटुंब मुंबईला गेलं. एका निर्मात्याने सांगितलं, हिचा आवाज फार बारीक आहे, चालायचा नाही. पण संगीतकार गुलाम हैदर यांचा विश्वास होता, आणि 1948 च्या 'मजबूर' सिनेमात त्यांनी तिला गायला लावलं. मग 1949 मध्ये आला 'महल'. संगीतकार खेमचंद प्रकाश, नायिका मधुबाला. गाणं असं की पडक्या वाड्यात लांबून आवाज येतो आणि हळूहळू जवळ येतो. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. लताबाईंनी पुढे सांगितलं आहे की माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता, त्या लांब कोपऱ्यात उभ्या राहून गायला सुरुवात करत आणि गात गात एकेक पाऊल माइककडे चालत येत. पोहोचायच्या वेळी नेमका शब्द यायला हवा. कितीतरी वेळा करून पाहिलं तेव्हा ते जमलं.

एवढी मेहनत केली, गाणं सगळ्या देशात वाजलं, आणि रेकॉर्डीवर नाव आलं कामिनी. कामिनी कोण? तर त्या सिनेमात मधुबालाच्या पात्राचं नाव! त्या काळात पडद्यामागून गाणाऱ्यांचं नाव बऱ्याचदा छापत नसत. पडद्यावर जी दिसते तीच गाते, असं लोकांना वाटलं पाहिजे, अशी धंद्याची रीत होती. गळा एकीचा, नाव भलतीचंच, आणि ते भलतीचं नावही खऱ्या बाईचं नव्हे.

पण ऐकणाऱ्यांना चैन पडेना. गाणं रेडिओवर लागलं की लोक आकाशवाणीला विचारायचे, ही गाणारी कोण? पत्रांवर पत्रं. शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि नाव रेडिओवरून सांगितलं, लता मंगेशकर. आमच्या सासूबाईंनी आत भाकऱ्या थापताना जे विचारलं, तेच देशभरच्या माणसांनी विचारलं होतं. फरक इतकाच, की त्यांना पत्र लिहिता येत होतं आणि आमच्या सासूबाईंना ओसरी ओलांडता येत नव्हती.

मी आज रेडिओवरून बोलते आहे, म्हणून मला हे सांगताना जरा अभिमान वाटतो. एका बाईला तिचं नाव परत मिळवून देण्यात रेडिओचा हात होता.

पुढे गाणाऱ्यांची नावं लेबलावर आणि सिनेमाच्या नावांच्या पाटीत यायला लागली. लताबाईंनीही त्यासाठी आग्रह धरला. पण त्या नावावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, रेकॉर्ड विकली गेली की निर्मात्याला पैसे मिळतात, संगीतकाराला मिळतात, मग जिने गळा दिला तिला का नाही? गाण्याच्या दिवशी एकदा पैसे दिले की संपलं, असं चालायचं. त्या म्हणाल्या, विक्रीतला हिस्सा गायकालाही हवा. यावरून निर्मात्यांशी वाद झाले, मोहम्मद रफींसारख्या मोठ्या गायकाचंही मत वेगळं पडलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायली नाहीत. बक्षिसांचंही तसंच. फिल्मफेअरचं बक्षीस संगीतकाराला होतं, गायकाला नव्हतं. ज्या सिनेमाच्या संगीताला बक्षीस मिळालं, त्यातलं गाणं समारंभात म्हणायला त्यांना बोलावलं, तर त्यांनी नकार दिला. बक्षीस चालीला देता ना, मग गायकाशिवायच वाजवा. 1959 साली गायकांसाठी वेगळं बक्षीस सुरू झालं, आणि ते पहिलं त्यांनाच मिळालं, 'मधुमती'तल्या गाण्याबद्दल. आणि विक्रीतल्या हिश्शाचं म्हणाल, तर कलाकारांचा तो हक्क कायद्यात यायला 2012 साल उजाडलं. तेव्हा कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली.

याच लताबाईंनी एकदा स्वतःहून नाव लपवलं होतं, तेही सांगते. साठच्या दशकात 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' अशा मराठी सिनेमांना 'आनंदघन' या नावाने ज्यांनी संगीत दिलं, त्या लताबाईच. राज्य सरकारचं संगीताचं बक्षीस आनंदघनला जाहीर झालं तेव्हा त्या समोर गप्प बसून होत्या. शेवटी आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. आपलं नाव आपण झाकून ठेवणं ही आपली मर्जी. दुसऱ्याने परस्पर पुसून टाकणं ही निराळी गोष्ट.

आता कुणी म्हणेल, अगं पण ते गाणं तर फोनवर फुकट लागतं. जुनी रेकॉर्ड कशाला सांभाळायची? मलाही तेच वाटत होतं. म्हणून ती रेकॉर्ड साडीच्या घडीत गुंडाळून मी एसटीने पुण्याला गेले. ओळखीच्या ओळखीतून एका जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या काकांकडे पोहोचले. त्यांनी दोन्ही हातांनी कडेला धरून ती उजेडात तिरकी केली आणि म्हणाले, "ताई, हिला चीर आहे." केसाएवढी बारीक चीर, कडेपासून आत गेलेली. त्यांनी लावून दाखवली. दर फेरीला टक, टक, टक आवाज. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. काका म्हणाले, "चीर गेलेल्या रेकॉर्डीला बाजारात किंमत येत नाही. पण टाकू नका."

त्यांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण भोर-वेल्ह्याकडची किती माणसं मुंबईला गिरणीत, गोदीत होती. अशी ट्रंक तुमच्याही माळ्यावर असेल.

मूळ रेकॉर्ड म्हणजे गाणं पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हाची. गाजलेलं गाणं पुढे पुन्हा पुन्हा काढतात, एलपीवर, कॅसेटवर. त्या नंतरच्यांवर लता मंगेशकर असं ठसठशीत छापलेलं असतं. कामिनी हे नाव दिसतं ते सुरुवातीच्या त्या लाखेच्या रेकॉर्डीवर. म्हणजे ती नुसती गाणं सांगत नाही, त्या वेळी त्या बाईला कसं वागवलं तेही सांगते. फोनवरचं गाणं हे सांगत नाही.

दुसरं, साचा. आपल्या चकलीच्या सोऱ्याची चकती वर्षानुवर्षं वापरून बोथट होते आणि चकलीला काटा नीट येत नाही. रेकॉर्डीचा धातूचा साचाही तसाच झिजतो. सुरुवातीला काढलेल्या रेकॉर्डीत आवाज जास्त स्वच्छ उतरतो, म्हणून जमवणारे पहिल्या काढणीची रेकॉर्ड शोधतात.

तिसरं, नंबर. लेबलावर कंपनीचा नंबर असतो. शिवाय लेबल आणि शेवटची रेघ यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत, उजेडात तिरकी धरली तर, बारीक आकडे कोरलेले दिसतात. कोणत्या मुद्रणावरून ही रेकॉर्ड निघाली ते त्यावरून कळतं. लेबल उखडलं असेल तरी हे आकडे राहतात. तेव्हा विकायची, द्यायची, काहीही करायचं असेल, तरी आधी वहीत दोन्ही बाजूंची नावं आणि नंबर उतरवून घ्या आणि फोनवर लेबलाचा फोटो काढा.

चौथं, किंमत. जुनी म्हणजे महाग, असं नाही. गाजलेल्या सिनेमांच्या रेकॉर्डी घराघरांत होत्या, त्या अजून पुष्कळ सापडतात. पुण्याच्या जुन्या बाजारातही ढिगाने दिसतात. ज्या थोड्याच निघाल्या, थोड्यांनीच घेतल्या, त्या दुर्मीळ. पोवाडे, भजनं, नाटकातली पदं, ओडियन किंवा यंग इंडिया अशा जुन्या कंपन्यांच्या रेकॉर्डी असतील तर त्या आधी बाजूला काढा. मुंबईत रेकॉर्डी जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे. अशी जाणकार माणसं विकायच्या आधी नुसतं बघून सांगतात. किलोवर मात्र देऊ नका.

आता सांभाळायचं कसं. आपल्याकडे, विशेषतः वेल्ह्याच्या बाजूला, चार महिने पाऊस आणि ओल, आणि उन्हाळ्यात पत्रा तापतो. पत्र्याखालचा माळा ही रेकॉर्डीला सगळ्यात वाईट जागा. उन्हाने ती पापडासारखी वाकते आणि ओलीने बुरशी धरते. चुलीच्या धुरापासून लांब, कोरड्या फडताळात, ताटं उभी लावतो तशा उभ्या लावा. एकावर एक चळत केली तर खालच्या फुटतात. धरायची ती कडेने, बोटं रेघांवर टेकवायची नाहीत. लाखेची रेकॉर्ड कोरड्या मऊ फडक्याने, रेघांच्या दिशेने गोल पुसायची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्याने लाख विरघळते. विनाइलची रेकॉर्ड चावीच्या फोनोवर कधीच लावू नका, ती जड लोखंडी सुई एका फेरीतच रेघा खरवडते. आणि कागदी पाकीट फाटकं असलं तरी फेकू नका. त्यावर दुकानाचा शिक्का असतो, कुणाची सही असते, कधी लग्नाची तारीख असते. आमच्या एका पाकिटावर लालबागच्या दुकानाचा शिक्का आहे आणि मागे चुलत सासऱ्यांनी पेन्सिलीने पगाराचा हिशेब मांडलाय. सासूबाईंनी तो बघून पदर डोळ्याला लावला.

आता मी म्हटलं होतं ना, गोष्ट आपल्या गटापर्यंत येणार. ती आता येते.

पुण्याच्या काकांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. भारतात अगदी सुरुवातीला, 1902 साली, कलकत्त्यात गौहर जान नावाच्या मोठ्या गायिकेच्या रेकॉर्डी झाल्या. आपल्या देशात रेकॉर्डीवर गाणाऱ्या पहिल्या काही कलाकारांपैकी ती. तेव्हा कोरलेली मूळ तबकडी रेकॉर्डी छापायला समुद्रापार जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात पाठवायचे. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कुठली कळणार? कोणाचा आवाज कोणता, घोटाळा होऊ नये म्हणून गाणं संपलं की गायिका मोठ्याने आपलं नाव सांगायची, मी गौहर जान. आज एवढ्या वर्षांनी ती रेकॉर्ड लावली तर गाण्याच्या शेवटी तिचं नाव तिच्याच तोंडून ऐकू येतं. लेबल गेलं, पाकीट गेलं, कंपनी गेली, तरी नाव आवाजाला चिकटून आहे.

एसटीत बसले आणि नसरापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. आपल्या गटाचा हातसडीचा तांदूळ. आपण बाया पाखडतो, निवडतो, भरतो. व्यापारी नेतो आणि त्याच्या नावाच्या पिशवीत शहरात विकतो. खाणारी बाई म्हणत असेल, काय सुवास आहे, कुठला असेल बाई हा तांदूळ? आत भाकऱ्या थापणाऱ्या आमच्या सासूबाईंसारखंच. आणि पिशवीवर कामिनी!

मागच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक जण म्हणाली, आपलं नाव छापून काय मिळणार, पैसे तर तेवढेच. मी तिला सांगितलं, लताबाईंचंही आधी नाव झालं आणि मग हिस्सा मागता आला. नाव नसेल तर मागायचं कुणाच्या नावाने? आता आमच्या गटाने ठरवलंय, दहा किलो असो की शंभर, पिशवीवर गटाचं आणि गावाचं नाव छापायचं.

आणि तांदळापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या ओव्या. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. पुढे ते महाराष्ट्रभर गेलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांनी नुसती ओवी लिहून घेतली नाही. कोणत्या बाईने म्हटली, कोणत्या गावची, हेही लिहून ठेवलं. म्हणून आज ती ओवी ऐकताना आपल्याला ती बाई कोण ते कळतं. नाहीतर एरवी काय म्हणतात? लोकगीत. कवी अज्ञात. ती अज्ञात नव्हती हो, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आज प्रत्येक घरात फोन आहे, त्यात रेकॉर्ड करायची सोय आहे. लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीला आपण आज्यांची गाणी रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो. चार दिवसांनी ती कुठल्या कुठे जातात आणि कुणाची ते कुणालाच कळत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. या महिन्यात प्रत्येक गटाने एका तरी म्हाताऱ्या बाईची ओवी, पाळणा, जे येत असेल ते रेकॉर्ड करा. आधी तिला विचारा, चालेल ना म्हणून. पंखा, टीव्ही बंद करा, फोन हातभर लांब ठेवा. आणि गाणं संपलं की लगेच तिलाच बोलायला लावा, माझं नाव अमुक, माहेर अमुक, सासर अमुक, हे गाणं मी अमकीकडून शिकले. तारीख तुम्ही सांगा. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा. आणि एकाच फोनवर ठेवू नका, दोन ठिकाणी ठेवा. फोन पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

सरकारनेसुद्धा आता 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलंय. आपल्या पोरांना हे मिळेल. आपल्या आज्यांचं मात्र आपणच करायचं आहे.

मी घरापासून सुरुवात केली. एका संध्याकाळी सासूबाईंना जात्यापाशी बसवलं. जातं कधीच बंद पडलंय, पण खुंट्याला हात लावल्याशिवाय त्यांना ओवी आठवेना. वीस मिनिटं गायल्या. मधे खोकला आला, पाणी प्यायल्या, पुन्हा गायल्या. संपल्यावर मी म्हटलं, आता नाव सांगा. तर त्यांनी आधी मोठ्या दिरांचं नाव घेऊन अमक्याची आई म्हणून सांगितलं. मी म्हटलं, असं नाही, तुमचं. मग मामंजींचं नाव घेऊन त्यांची मंडळी म्हणाल्या. मी म्हटलं, तसंही नाही. तुमचं, माहेरी हाक मारायचे ते.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. फोन चालूच होता. मग त्यांनी ते नाव सांगितलं. सतरा वर्षं मी या घरात आहे, मैत्रिणींनो, आणि ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. लग्नात बदललं होतं, त्यानंतर कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती.

ते नाव मी तुम्हाला आज सांगणार नाही. पुढच्या महिन्यात मी सासूबाईंना इथे घेऊन येणार आहे. त्या दोन ओव्या म्हणतील, आणि नाव त्या स्वतःच सांगतील. तोवर तुमच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडा, पण भंगारवाला येऊन गेल्यावर.

येते मी. रामराम.